सांता क्लारा काउंटीचे रकाने

कॅलिफोर्नियातली सांता क्लारा काउंटी म्हणजे सिलिकॉन व्हॅलीचा जिल्हा. तिचा २०२० च्या जनगणनेचा तक्ता मी खालून वर वाचते. वरचे आकडे इथल्या मराठी मंडळींना तोंडपाठ आहेत. एकूण लोकसंख्या १९,३६,२५९. त्यात आशियाई ३९ टक्क्यांच्या आसपास, हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांशी मुळं जोडलेले) नसलेले गोरे २९ टक्क्यांच्या आत, हिस्पॅनिक किंवा लॅटिनो सुमारे २५. बहुमत कोणाचंच नाही. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कोणीतरी हे आकडे सांगतो आणि सगळे समाधानाने मान डोलावतात. खालच्या ओळींबद्दल मात्र कोणी बोलत नाही. कृष्णवर्णीय अडीच टक्क्यांहून कमी. देशभरात हेच प्रमाण बाराच्या वर आहे. आणि ज्यांची ही जमीन होती त्या मूळ रहिवाशांचा आकडा, हिस्पॅनिक वगळून मोजला, तर अर्धा टक्काही भरत नाही.

पोटापाण्यासाठी मी आकडेच चाळते, त्यामुळे एखादा आकडा असा अंग चोरून बसलेला दिसला की त्याचं कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही. ‘लोक जिथे आपली माणसं असतात तिथेच जातात’ हे ठेवणीतलं उत्तर माझ्या गळी उतरत नाही. जायला दार उघडं असावं लागतं. या काउंटीत कोणासाठी दार कधी उघडलं आणि कोणासाठी कधी लावून घेतलं, याच्या तारखा सापडतात.

अडीच टक्क्यांची गोष्ट याच काउंटीतल्या मिल्पिटास शहराची आहे. आईबाबा भारतात परत निघाले की सूटकेस भरायला आपण ज्या ग्रेट मॉलमध्ये जातो, तिथे १९८३ पर्यंत फोर्डचा मोटारींचा कारखाना होता. १९५५ मध्ये फोर्डने याच राज्यातल्या रिचमंड शहरातला कारखाना बंद करून तो इथे आणला. रिचमंडच्या कारखान्यात बरेच कामगार काळे होते. युनियनने त्यांची नोकरी टिकवली, पण राहायचं कुठे? आसपास उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींमध्ये काळ्यांना घर विकायचंच नाही, असा शिरस्ता होता. युनियनच्या गृहसमितीचा प्रमुख बेन ग्रॉस स्वतः काळा कामगार. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सर्वांसाठी खुली वसाहत बांधायचं ठरवलं, तर एकामागून एक अडथळे आले. सांडपाण्याच्या जोडणीचे दर तर अचानक कित्येक पटींनी वाढवले गेले. जात-वर्ण यांचा उच्चारही न करता माणसाला बाहेर ठेवायचं असेल तर गटाराचा दर पुरतो, हे मला तिथे कळलं. वसाहत अखेर झाली, सनीहिल्स तिचं नाव, आणि बेन ग्रॉस १९६६ मध्ये मिल्पिटासचा महापौरही झाला. पण वसाहत उभी राहीपर्यंत किती तरी जण रोज रिचमंडहून गाडीने ये-जा करत राहिले आणि कित्येकांनी नोकरीच सोडली. त्यांची नातवंडं आज या तक्त्यात असायला हवी होती. ती नाहीत. आजच्या मिल्पिटासमध्ये दहातली सात माणसं आशियाई आहेत.

आम्ही इथे घर घेतलं तेव्हा कागदांचा जो गठ्ठा हातात पडला, त्यात एका कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं की, या दस्तऐवजात वंश, रंग, धर्म वगैरेंवर आधारलेली कोणतीही अट असल्यास ती बेकायदेशीर आणि रद्दबातल समजावी. कॅलिफोर्नियात घर घेणाऱ्या बहुतेकांना हा मजकूर मिळतो. सह्या पंचवीस ठिकाणी करायच्या असतात, मुलं कंटाळलेली असतात, कोण वाचतो! पण हा मजकूर छापावा लागतो, कारण तशा अटी खरोखरच होत्या. ‘कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कोणीही या घरात राहणार नाही’ अशा अर्थाची कलमं खरेदीखतात घातलेली असत. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये अशा अटींची अंमलबजावणी करता येणार नाही असं सांगितलं, १९६८ च्या कायद्याने त्या बेकायदा ठरल्या, पण कागद तसेच राहिले. मग २०२१ मध्ये राज्याने कायदा करून प्रत्येक काउंटीला ही कलमं शोधून खोडायला लावलं. सांता क्लाराच्या दप्तरातली बावन्न लाख पानं माणसांनी वाचायची म्हटली असती तर पिढी खपली असती. शेवटी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ती चाळली. १९५० च्या सुमारास काउंटीतल्या दर चार मालमत्तांपैकी एकीवर अशी अट होती, असा त्यांचा निष्कर्ष.

म्हणजे सिलिकॉन व्हॅली हे नाव पडायच्या आधी, जर्दाळू आणि प्लमच्या बागा तोडून जी घरं बांधली गेली, त्यांच्यासोबतच आजचा तक्ताही बांधला गेला. १९४० मध्ये काउंटीत पावणेदोन लाख माणसं होती, १९६० मध्ये सव्वासहा लाखांच्या वर. सगळे बिल्डर सारखे नव्हते. जोसेफ आयक्लर नावाच्या बिल्डरने कोणालाही घर विकायचं धोरण ठेवलं आणि घरबांधणी करणाऱ्यांच्या संघटनेने भेदभावाला विरोध करायचं नाकारलं तेव्हा १९५८ मध्ये राजीनामा दिला. पण १९६४ मध्ये, घर विकताना भेदभाव करण्याचा हक्क घटनेतच घालावा का असा कौल राज्यात घेतला गेला, तेव्हा जवळजवळ दर तिघांतल्या दोघांनी ‘हो’ म्हटलं. उदारमतवादी म्हणून मिरवणारा कॅलिफोर्निया तो हाच. ती दुरुस्ती पुढे न्यायालयाने रद्द केली, हे त्या राज्याचं नशीब.

त्या खरेदीखतांतली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. अनेक खतांत मनाईच्या पाठोपाठ सवलत दिलेली असे: घरकामाला ठेवलेल्या नोकरांना ही अट लागू नाही. माणूस घरात चालेल, पण चाकर म्हणून. हे वाचताना मला अमेरिका आठवली नाही, सांगलीचं आमचं घर आठवलं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप खिडकीत वेगळा, उपडा घातलेला. स्वयंपाकघरात त्या दिवसातून दोनदा यायच्या. खरेदीखत लिहायची आम्हाला गरजच पडली नव्हती.

काउंटीची पहिली मोजणीच हरवलेली आहे. १८५० च्या जनगणनेत सॅन फ्रान्सिस्कोचे कागद आगीत जळले आणि सांता क्लाराचे गहाळ झाले, म्हणून राज्याने १८५२ मध्ये पुन्हा मोजणी केली. तोवर स्पॅनिश मिशन आणि सॅन होजे गाव वसून पाऊणशे वर्षं झाली होती. दोन्ही १७७७ ची. त्याआधीपासून इथे राहणारे ओलोनी लोक मिशनमधल्या रोगराईने आणि वेठबिगारीने इतके खचले की १९२५ मध्ये एका नामवंत मानववंशशास्त्रज्ञाने ते व्यवहारतः नामशेष झाल्याचं लिहून टाकलं. त्यांचे वंशज अजून इथेच राहतात आणि केंद्र सरकारकडे जमात म्हणून मान्यता मागतात. डोंगरातल्या न्यू आल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणीत मेक्सिकन मजुरांची वस्ती वेगळी आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेल्यांची वेगळी. पुढे बागांत राबायला आलेले मेक्सिकन सॅन होजेच्या पूर्वेला अशा भागात राहिले की पावसात तिथल्या चिखलातून पाय निघायचा नाही. शेतमजुरांचा नेता सीझर चावेझ त्याच वस्तीतून संघटनेच्या कामात शिरला. आजच्या पंचवीस टक्क्यांतला मोठा हिस्सा अजून पूर्वेलाच राहतो. आमच्या ऑफिसची झाडलोट करणारी माणसं रात्री तिकडेच परततात.

सॅन होजेच्या मध्यवस्तीत आज जिथे मोठं हॉटेल आहे, तिथे चिनी वस्ती होती. ४ मे १८८७ रोजी ती जाळण्यात आली. आग अपघाताने लागली नव्हती. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालणारा केंद्राचा कायदा झालेला होताच, गावाने त्याची उरलेली कसर भरून काढली. जॉन हाइनलेन नावाच्या जर्मन गृहस्थाने आपल्या जागेवर त्यांना नवी वस्ती बांधून दिली तेव्हा त्याला धमक्या आल्या. नगरपालिकेने माफी मागितली ती सप्टेंबर २०२१ मध्ये, एकशे चौतीस वर्षांनी. हाइनलेनच्या वस्तीला लागूनच जपानटाउन वाढलं. ते अजून आहे, देशात उरलेल्या तिनांपैकी एक. जनगणनेचा फॉर्म म्हणजे निरुपद्रवी कागद, असं ज्याला वाटतं त्याने जपानटाउनच्या रस्त्यावरून एक चक्कर मारावी. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत टाकायचं ठरलं, तेव्हा ते कुठे राहतात याचे गल्लीनिहाय तक्ते जनगणना खात्यानेच लष्कराला पुरवले. खात्याच्या संचालकांनी २००० साली त्याबद्दल माफी मागितली. इथल्या कुटुंबांची नोंदणी सॅन होजे स्टेट कॉलेजच्या व्यायामशाळेत झाली. त्यांतला दहा वर्षांचा नॉर्मन मिनेटा वायोमिंगच्या छावणीत गेला. परत येऊन पुढे तो याच शहराचा महापौर झाला, केंद्रात मंत्री झाला, आणि आज सॅन होजेच्या विमानतळावर त्याचं नाव आहे.

आणि आपण? आपण नवे आहोत, हा आपला आवडता समज. १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत ‘हिंदू’ हा एक वंश होता. शीख असो की मुसलमान, भारतातून आला की हिंदू. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस गोरा नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड अमेरिकेच्या सैन्यात होते. पगडीधारी शीख होते. त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला, तर आम्ही उच्चवर्णीय आर्य आहोत, आणि अमेरिकेतला गोरा जसा काळ्याकडे बघतो तसे आम्ही आमच्याकडच्या खालच्यांकडे बघतो, म्हणून आम्हाला तुमच्यात घ्या. न्यायालयाने घेतलं नाही. शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, रस्त्यावरच्या सामान्य गोऱ्या माणसाला तुम्ही गोरे वाटत नाही, एवढ्यावर विषय संपला. हा निकाल वंशवादी म्हणून आपण आज सांगतो आणि ते खरंच आहे. पण आपल्या बाजूच्या वकिलांनी काय मांडलं होतं, ते सांगायचं आपल्या तोंडून राहून जातं.

निकालानंतर आधी दिलेली नागरिकत्वं काढून घेतली गेली. पेशावरचे वैष्णो दास बगाई १९१५ मध्ये बायको कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आलेले. सचोटीचे, सधन, दुकानदार. बर्कलीत घर घेतलं तर सामान घेऊन पोचल्यावर शेजाऱ्यांनी घरात शिरू दिलं नाही. १९२१ मध्ये नागरिक झाले होते, ते आता कोणाचेच राहिले नाहीत. परदेशी म्हणून जमीनजुमला ठेवता येईना. भारतात जाऊन यावं तर अमेरिकन पासपोर्ट नाही. ब्रिटिशांचा घ्या, असा सल्ला मिळाला. ज्या ब्रिटिशांच्या राज्यातून ते पळून आले होते, त्यांचाच. मार्च १९२८ मध्ये ते सॅन होजेला आले, एक खोली भाड्याने घेतली आणि गॅस सोडून जीव दिला. वर्तमानपत्रासाठी मागे पत्र ठेवलं होतं. सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात काय राम आहे, असा त्याचा सूर. मी कॅल्ट्रेनने सॅन होजेला जाते तेव्हा ती खोली नेमकी कुठे असेल हा विचार मनात येतो. या काउंटीच्या भारतीय इतिहासाची सुरुवात मी कोणत्याही कंपनीच्या संस्थापकापासून करत नाही, त्या खोलीपासून करते.

१९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला शंभर जणांचा कोटा आणि नागरिकत्वाची मुभा मिळाली. खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. देशनिहाय कोटे गेले, शिकलेल्यांना आणि नातेवाइकांना प्राधान्य आलं. एप्रिल १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडलं आणि व्हिएतनामी निर्वासित येऊ लागले. त्यांच्यातल्या बायकांनी इथल्या कारखान्यांत सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलं. आज सॅन होजेत एक लाखाहून अधिक व्हिएतनामी आहेत, व्हिएतनामबाहेरच्या कोणत्याही शहरापेक्षा जास्त. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला, वायटूकेच्या (संगणकांतल्या २००० सालाच्या घोळाच्या) धामधुमीत आपली मुलं विमानं भरभरून उतरली, २०१० मध्ये काउंटीत भारतीय एक लाख सतरा हजारांच्या आसपास होते आणि मग तो आकडा वाढतच गेला. पुणे, सांगली, नागपूरच्या सरकारी अनुदानावरच्या कॉलेजांत शिकलेले आम्ही, इथल्या संसदेने मापं घेऊन कापलेल्या दारातून आत आलो, आणि आत आल्यावर ‘आम्ही गुणवत्तेवर आलो’ असं म्हणू लागलो. अभ्यास केला, हे खरं. पण सायगावहून होडीत बसलेल्या बाईची गुणवत्ता कोणी मोजली नव्हती, आणि रिचमंडच्या फोर्ड कामगाराची मोजायची तर सोयच नव्हती.

आई पहिल्यांदा आली तेव्हा सनीवेलच्या बागेत रोज संध्याकाळी चक्कर मारायची. साडीवर स्वेटर, पायात बूट घातलेल्या साऱ्या जणी तिला तिथे भेटल्या: तेलुगू, गुजराती, चिनी. चिनी आजी आणि ती एकमेकींना नातवंडांचे फोटो दाखवत. आठवड्याभराने तिने विचारलं, “अगं, इथं अमेरिकन कुठं राहतात?”

“आई, या सगळ्या अमेरिकनच आहेत.”

“ते कळलं गं. खरे?”

इथे येणारे सगळे आईबाप हा प्रश्न विचारतात. मी तिला तक्ता दाखवला. तिला आकड्यांची भीती नाही, तिने आयुष्यभर पतसंस्थेत हिशेब लिहिले. तिने बोटाने ओळी मोजल्या आणि म्हणाली, “यात आपण कुठल्या रकान्यात?”

आपला रकानाही मागून घेतलेला आहे. १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं होतं. १९२३ मध्ये जे मागून मिळालं नाही, ते न मागता मिळालं. तेव्हा अमेरिकेतल्या एका भारतीय संघटनेने धडपड केली की आम्हाला वेगळं मोजा, भेदभाव होतो तो दिसू द्या. दुसऱ्या संघटनेने विरोध केला की आधीच पोटभर खाणाऱ्यांनी अल्पसंख्याक म्हणून सवलती कशाला मागायच्या. १९८० च्या फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ छापून आलं. त्या चौकोनात मी खूण करते तेव्हा माझ्या शेजारी फ्रीमाँटच्या रस्त्याने डिलिव्हरी करणारा पंजाबी मुलगा असतो आणि कोट्यवधींचं घर बांधणारा कंपनीमालकही असतो. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने नियम बदलले. हिस्पॅनिकचा प्रश्न आणि वंशाचा प्रश्न एकत्र करायचं ठरलं, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेला वेगळा रकाना मिळाला. रकाने वाढतात, फुटतात, सरकतात. आपल्या रकान्याच्या आत मात्र अजून कोणी डोकावत नाही.

डोकावायचा प्रयत्न झाला तो याच काउंटीत. २०२० मध्ये राज्याच्या नागरी हक्क खात्याने सॅन होजेतल्या एका बड्या नेटवर्किंग कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय व्यवस्थापकांवर खटला भरला, दलित इंजिनिअरला जातीवरून डावललं म्हणून. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये त्या दोघांवरचा खटला खात्याने मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. मधल्या काळात, २०२१ मध्ये, काउंटीच्या मानवी हक्क आयोगाने जातीवर सुनावणी ठेवली, तिथे दोन्ही बाजूंचे लोक तासन्‌तास बोलले. मग जातीचा स्पष्ट उल्लेख करणारं विधेयक राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, हे त्यांचं कारण.

त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं: इथे जात कोण विचारतं? खरंच, गोरा माणूस विचारत नाही. त्याला माझ्या आडनावातून काहीच कळत नाही. मराठी माणसाला कळतं. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाचं उत्तर गावाच्या नावाने पूर्ण होत नाही, समोरचा आणखी थोडा थांबतो. २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला झालं तेव्हा हजारो मराठी माणसं एका छपराखाली होती. त्यांत कोणकोणत्या समाजाची किती, हे कोणालाही विचारता आलं नसतं आणि अंदाज मात्र सगळ्यांना होता. तो अंदाज सांगा म्हटलं तर लोक चिडतात. मला वाटतं चिडणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात, ज्यांच्या कपाला कधी वेगळी खिडकी लागली नाही.

भारताच्या पुढच्या जनगणनेत, १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने, सगळ्यांची जात नोंदली जाणार आहे. असं १९३१ नंतर पहिल्यांदाच होतंय. आईकडे शाळेतल्या कोणी बाई वही किंवा फोन घेऊन येतील आणि विचारतील. ती सांगणार आहे, तिने मला फोनवर तसं बजावलंय. “विचारलं की सांगायचं. त्यात काय लपवायचं? तू सांगशील का तिकडं विचारलं तर?” मी सांगेन. आमच्या मंडळातले बरेच जण मात्र तो रकाना कोरा ठेवतील, याची मला खात्री आहे. कोऱ्या रकान्याचं अमेरिकेचं जनगणना खातं काय करतं तेही मला माहीत आहे. आधी घरातल्या दुसऱ्या माणसाचं उत्तर बघतं, तेही नसेल तर जवळच्या घरातलं उचलून तिथे भरतं. आमच्या डावीकडे व्हिएतनामी आजी-आजोबा राहतात, उजवीकडे मेक्सिकन कुटुंब. आमची जात त्यांच्या उत्तरावरून कशी भरतात, ते बघायला मला फार आवडेल.